चौथं टिंब

फाइल बंद होऊन आता अकरा महिने झाले. तरी आठवड्यातून एकदा तरी मी त्या तलवारीचा फोटो उघडतो आणि तिच्यावरचा आकडा मोठा करून बघत बसतो.

मी धुळ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर इतिहासात रमतो. खरं तर निम्मा दिवस वाळवी आणि जुन्या नोंदवह्यांचे क्रमांक जुळवण्यात जातो, उरलेला शाळांच्या सहलींना 'काचेला हात लावू नका' सांगण्यात.

त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या एका खासगी किल्ल्याच्या संग्रहालयाकडून पत्र आलं. त्यांच्या दालनात एक तलवार टांगलेली, खाली पितळी पट्टी: 'थाळनेरच्या किल्लेदाराची, १८१८'. दोघांनी मिळून प्रदर्शन करायचं आणि तलवार सहा महिने इकडे पाठवायची, असा त्यांचा प्रस्ताव. आमचे साहेब खुर्चीतून उठलेच. "वाघनखं लंडनहून साताऱ्याला येतात, मग तलवार धुळ्याला का नाही?" वाघनखं २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवर आली, पण त्यामागे अख्खं राज्य सरकार होतं. आमच्यामागे एक कूलर, तोही मे महिन्यात गरम वारा फेकणारा.

मग त्यांचा फॉर्म आला. दालनातली आर्द्रता वर्षभर पन्नास टक्क्यांच्या आसपास राहते का? खानदेशात मे महिन्यात ओठ फुटतात आणि जुलैत वह्यांना बुरशी येते. पेटी उतरवायला बंदिस्त जागा आहे का? आमच्या दारात रसवंतीची गाडी असते. साहेब म्हणाले, "हो लिहून टाका." मी नाही लिहिलं. तेवढ्यावरून आठवडाभर अबोला.

थाळनेर ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी आजही गावात आहेत. किल्ल्याचा बराचसा भाग ढासळलेला. महिदपूरच्या लढाईनंतर होळकरांनी मंदसोरच्या तहात हा मुलूख इंग्रजांना सोडला, पण किल्लेदाराने दार उघडलं नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या. बोलणी चालू असताना दिंडी दरवाजात गोंधळ झाला, इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी. ब्रिटिश संसदेतसुद्धा त्या फाशीवर प्रश्न उठले. प्रदर्शनासाठी फोटो काढायला गेलो तेव्हा बुरुजाखाली बसलेले एक बाबा सगळं ऐकून म्हणाले, "ती आम्हनीच शे." बस, पुढे काही नाही.

आता मुद्द्याचं. परजेच्या, म्हणजे मुठीवर हात वाचवणाऱ्या पट्टीच्या, आतल्या बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेली एक ओळ होती, जी त्यांनी कधी वाचून घेतलीच नव्हती. दोनशे वर्षं भिंतीवर वस्तू टांगून ठेवायची आणि तिच्यावर काय लिहिलंय ते विचारायचं नाही, हे मला अजून पचत नाही. मी फोटो मागवला. 'शके १७' स्पष्ट, शेवटी २ स्पष्ट, मधला आकडा कुणीतरी घासूनपुसून चकचकीत करताना झिजवलेला. ३ असेल तर शके १७३२, म्हणजे १८१०. सगळं जुळतं. ५ असेल तर १७५२, म्हणजे १८३०. मग ही तलवार थाळनेरच्या वेढ्यात असूच शकत नाही.

तिकडची सहायक अभिरक्षक मात्र हाडाची कामसू. मी सुचवलं तसं तिने कॅमेरा तिपाईवर पक्का बांधला, शेजारी काळी चकचकीत गोळी ठेवली आणि फ्लॅश प्रत्येक वेळी वेगळ्या कोनातून मारत अठ्ठेचाळीस फोटो काढले. गोळीवरच्या चमकेवरून संगणक प्रत्येक प्रकाशाची दिशा काढतो. मग पडद्यावर उजेड हवा तिकडून फिरवता येतो. झिजलेलं टिंबही सावली टाकतं.

आमच्या दुपारी अडीचला, त्यांच्या सकाळी दहाला आम्ही एकत्र बसलो. उजेड डावीकडे नेला तशी आकड्याच्या डाव्या अंगाला तीन टिंबं उठली, खाली वळलेली. ५ ची वाटी. माझ्या पोटात गोळा आला. पण वाटी पुरी व्हायला चौथं टिंब लागतं, आणि तिथे जो खड्डा दिसतो त्याची कड फाटकी आहे. छिन्नीची खूण गोल बसते. गंज असा खातो. तेवढ्यात वीज गेली.

रात्री मी लिहून पाठवलं: आकडा ५ असावा, खात्री नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला त्या गावात राहून कागदापेक्षा जास्त बोलायचं नाही, एवढं तरी अंगात मुरलंय.

दोन आठवड्यांनी त्यांची नवी पट्टी पाहायला मिळाली. 'पश्चिम भारत, १८३०. भारतीय तज्ज्ञांनी खात्री केलेली.' थाळनेर गायब, किल्लेदार गायब, माझा 'असावा'ही गायब. सोबत आभाराचं गोड पत्र: थाळनेरशी संबंध उरला नसल्याने प्रदर्शनाचा विचार सध्या थांबवत आहोत. साहेब म्हणाले, "सांगितलं कुणी होतं वाचायला?" उलट आकडा निघाला असता तर त्यांनी इतक्या घाईने पट्टी बदलली असती का, हा प्रश्न मी पत्रात लिहून खोडला.

मी चुकलो असं वाटत नाही. पण बाबांना काय सांगायचं म्हणून थाळनेरला पुन्हा गेलेलो नाही.

तलवार आता त्यांच्या कोठारात आहे, आणि तिथल्या फोटोंसाठी रांग असते म्हणे. परवा चौथ्यांदा मेल टाकली. प्रकाश डावीकडून, अगदी जमिनीलगत. दोनच फोटो हवेत.