दमदमची एलपी, जर्मनीहून, मार्गे कस्टम्स

परदेशातून जुनी एलपी मागवणार असाल तर विक्रेत्याला पार्सलवरच्या फॉर्मवर ‘व्हायोलिन’ लिहू देऊ नका. कलाकार नको, राग नको. ‘वापरलेली ग्रामोफोन रेकॉर्ड, १ नग’ एवढंच पुरे. का, ते सांगतो.

मला हवी होती उस्ताद बिस्मिल्ला खाँ आणि पं. व्ही. जी. जोग यांची सनई-व्हायोलिन जुगलबंदी. जोग जन्माने वाईचे, उत्तरायुष्य कोलकात्यात, आणि एचएमव्हीच्या एलपी निघायच्या त्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात. म्हणजे माल सगळा आपलाच. पण आपल्या जुन्या बाजारात मिळते ती पावसाळ्यात बुरशी धरलेली, नाहीतर सनई आहे म्हणून लग्नाच्या मांडवात वाजवून वाजवून पार झिजलेली. जर्मनीत एकाकडे स्वच्छ प्रत सापडली. पैसे भरले, पार्सल आलंही.

मग कस्टम्सचं पत्र आलं. केवायसी, बिल, पैसे भरल्याचा पुरावा. सगळं दिलं. त्यावर कळलं की आमच्या पार्सलची नोंद ‘वाद्य’ अशी झाली आहे! विक्रेत्याने सीएन २२ फॉर्मवर इमानदारीत ‘व्हायोलिन, एलपी, वापरलेली’ लिहिलं होतं आणि इथे कुणीतरी पहिला शब्द वाचून काम उरकलं होतं. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या यादीत, तंतुवाद्यं ९२०२ या नंबराखाली, रेकॉर्ड ८५२३ खाली. बरं, व्हायोलिन म्हटल्यावर बिलातली किंमत फारच कमी, म्हणून किमतीवरही शंका.

“एवढ्या स्वस्तात व्हायोलिन कुठे मिळतं, साहेब?” खिडकीवरचे गृहस्थ.

“अहो, फूटभर चौकोनी पाकीट आहे, बोटभर जाड. त्यात व्हायोलिन मावेल का?”

“पार्ट असतील.”

उघडून बघा म्हटलं, तर उघडायचा अधिकार दुसऱ्या टेबलाचा, आणि ते टेबल जेवायला गेलेलं. पुढच्या खेपेला ते रजेवर. मधल्या काळात फाइल तिसरीकडे. बाकड्यावर शेजारी बसलेल्या एकाने कानात सांगितलं, “गिफ्ट म्हणून दाखवा.” हा सल्ला अजिबात ऐकू नका. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर गिफ्टला ड्युटीची सूट नाही. फोन कुणी उचलत नाही आणि ईमेलला जे उत्तर येतं ते आपल्या प्रश्नाचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी मीच पुरावा तयार केला. विक्रेत्याकडून लेबलचे फोटो मागवले, कॅटलॉग नंबर ठळक दिसेल असे. तोच नंबर घालून बिल नव्याने करून घेतलं. टॅरिफचं पान छापलं आणि ‘८५२३ ८० १० ग्रामोफोन रेकॉर्ड’ या ओळीवर पिवळी रेघ मारली. त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर एक बाई होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो जवळ धरला आणि म्हणाल्या, “अहो, ही तर तबकडी आहे! आमच्या बाबांकडे होत्या.” अर्ध्या तासात काम झालं. ड्युटी लागलीच, टपालखर्चही किमतीत धरला, पण हिशेब चोख होता, तक्रार नाही.

अरे हो, पॅकिंग. एलपी कव्हरमधून काढून कव्हरच्या मागे ठेवायला सांगा, नाहीतर प्रवासात तबकडी आतून कव्हरची कड फाडते. एचएमव्हीचा कॅटलॉग नंबर ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. बुरशीला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकरांच्या वगैरे ७८च्या, म्हणजे एलपीच्या आधीच्या लाखेच्या तबकड्या हाती लागल्या तर मात्र अल्कोहोलवालं क्लीनर लांब ठेवा, लाख विरघळते.

आणि व्हायोलिनची प्रत पारखताना सुरुवातीच्या आलापावर भाळू नका. द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, येते बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ. तिथे खाचांचा घेर सगळ्यात लहान, सुईचे हाल सगळ्यात जास्त, आणि तारसप्तकातला गज तिथेच फाटतो. शेवटच्या दोन मिनिटांची क्लिप मागा. देत नसेल तर सोडून द्या.

ड्युटीची पावती फेकू नका. व्हायोलिनवादक एन. राजम यांच्या एलपीच्या वेळी मी जुनी पावती सरळ खिडकीतून आत सरकवली. खिडकीवर तेच गृहस्थ. या वेळी पार्टचा विषय निघाला नाही.