तीन सूचना आणि एक नाला

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस सुरू असताना, विदर्भातील एका जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात माझी दुपारची पाळी होती. हवामान विभागाच्या नागपूर केंद्राच्या पत्रकात त्या दिवशी जिल्ह्यासमोर दोन इशारे होते: उष्णतेच्या लाटेचा ऑरेंज आणि विजा व वादळी वाऱ्याचा यलो. अनेकांना हे परस्परविरोधी वाटते, पण तसे ते नसते. भाजून निघालेल्या जमिनीलगतची हवा वर चढू लागते, तिला बंगालच्या उपसागराकडून आलेला दमटपणा मिळतो आणि दुपारी चारनंतर ढग उभे राहतात. ४५ अंशांची दुपार आणि गारांची संध्याकाळ एकाच तारखेला येऊ शकतात.

कक्षातले काम म्हणजे बहुतांशी संदेश पुढे पाठवणे. तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल असे मोबाइलवरचे गट आहेत. संदेशाखाली अंगठ्याच्या खुणा उमटल्या की ‘कळवले’ असा शेरा पडतो. गटाबाहेरच्या माणसाला कळले का, असा रकाना आमच्या नमुन्यात नाही.

पाचच्या सुमारास रडारच्या चित्रात जिल्ह्याच्या टोकाच्या डोंगररांगेवर एक लाल ठिपका दिसू लागला. एरवी असे ढग सरकत जातात आणि पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज त्यांच्या चालीवरूनच बांधला जातो. हा ढग मात्र हलेना. नीट पाहिल्यावर लक्षात आले की पुढचा भाग विरत होता आणि मागच्या बाजूने, त्याच डोंगरावर, नवा ढग उभा राहत होता. चित्र पाहणाऱ्याला ढग एका जागी थांबलेला दिसतो. प्रत्यक्षात एकामागून एक ढग त्याच पाणलोटात रिकामे होत असतात. खाली जंगल असल्यामुळे तिथे पर्जन्यमापक नाही. महसूल मंडळाच्या मापकावर त्या दिवशी जेमतेम शिंतोडे नोंदले गेले, म्हणजे कागदोपत्री तिथे पाऊस झालाच नाही. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांनी त्याला ढगफुटी म्हटले. साधारण २०-३० चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ढगफुटी म्हणतात. जिथे मापकच नव्हते तिथे हा आकडा त्यांना कुठून मिळाला, हे त्यांनाच ठाऊक.

डोंगराच्या पायथ्याच्या गावातून कोतवालांचा फोन आला: ‘साहेब, नाल्याले लोंढा येऊन राहिला, अन् खाली धनगरांचा वाडा बसला आहे.’ त्यांच्या गावात त्या वेळी ऊनच होते. वाड्याची, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या तळाची, माहिती जिल्ह्यातल्या कोणत्याही नोंदवहीत नव्हती. ती कोतवालांना होती, कारण खतासाठी त्यांच्याच वावरात आदल्या आठवड्यात त्या मेंढ्या बसवल्या होत्या. मी खालच्या गावाच्या पोलीस पाटलांना फोन लावत असताना कोतवाल मोटारसायकलवरून निघालेही होते. माणसे काठावर आली. शंभरावर मेंढ्या आणि वाड्याचे सामान वाहून गेले.

पंचनाम्यासाठी गेलो तेव्हा वयस्कर मेंढपाळाला विचारले, ‘बाबा, पात्रात कशाला उतरलात?’ ते शांतपणे म्हणाले की दुपारी दुसरीकडे सावली नव्हती, दरडीखाली वाळू गार होती आणि झिरा उकरला की मेंढ्यांना पाणी मिळत होते. म्हणजे बारा ते चार उन्हात राहू नका, ही आमची सकाळची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली नसतानाही त्यांनी ती तंतोतंत पाळली होती. विजांच्या सूचनेप्रमाणे ते झाडाखालीही थांबले नव्हते. उघड्या माळावर थांबू नका, असेही आम्हीच लिहितो. पुराची सूचना पात्रातून बाहेर पडा, असे सांगते. या तिन्ही सूचना मी अनेकदा पाठवल्या आहेत आणि प्रत्येक सूचना आपापल्या जागी बरोबर आहे. त्या एकाच माणसाला एकाच दुपारी लागू पडतील, याचा विचार मसुदा करणाऱ्यांपैकी कोणी केलेला दिसत नाही.

मदतीचा भाग तर आणखी चीड आणणारा आहे. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत मेंढीमागे ४,००० रुपये आणि एका कुटुंबाला अशा ३० लहान जनावरांची मर्यादा होती. ज्याचा संसारच मेंढ्यांवर चालतो त्याच्यासाठी ही मर्यादा कोणी आणि कोणत्या हिशोबाने ठरवली असेल? शिवाय मदतीसाठी लागणाऱ्या शवविच्छेदनाला जनावर समोर लागते आणि निम्म्याहून अधिक मेंढ्या सापडल्याच नव्हत्या. पशुधन अधिकाऱ्यांनी चिखलात फिरून जेवढ्या सापडल्या तेवढ्यांचे दाखले त्याच दिवशी दिले, हे इथे नोंदवले पाहिजे.

त्यानंतरच्या उष्णतेच्या संदेशात मी ‘नदी-नाल्यांच्या पात्रात सावलीला थांबू नये’ अशी ओळ घातली. बैठकीत एका तहसीलदारांनी विचारले, ‘मग थांबायचे कुठे?’ त्या शिवारात पात्राबाहेर पक्के छत आहे ते जिल्हा परिषदेच्या शाळेचे, पण मे महिन्यात तिच्या फाटकाला कुलूप असते आणि किल्ली तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुख्याध्यापकांकडे. उन्हाळ्यापुरती एक किल्ली कोतवालांकडे ठेवावी, असा प्रस्ताव मी पाठवला आहे. शाळेची मालमत्ता महसूल कर्मचाऱ्याच्या ताब्यात कशी द्यायची, या शेऱ्यासह तो एकदा परत आला. आता दुरुस्तीसह पुन्हा पाठवला आहे.