खिळा नसलेलं पंक्चर

पुण्यापासून आमच्या जुन्या पद्मिनी गाडीनं कुठं कुरकुर केली नव्हती. किणी टोलनाका गेला, शिरोली आली, आता पंचगंगेचा पूल की कोल्हापूरच, असं म्हणतोय तोवर मागचं डावं चाक बसलं. हळूहळू नव्हे, भस्सकन.

इथेच माझी चूक सुरू होते. बाबांच्या या गाडीच्या १४ इंची रिमा, टायरची कड बसते तिथेच गंजून खड्डे पडलेल्या. नवे ट्यूबलेस टायर घातले, म्हणजे आत ट्यूब नाही, रिमेला घट्ट बसून हवा धरायची; तर रोज सकाळी हवा उतरलेली. टायरवाला म्हणाला, आत ट्यूब टाकू, मिटलं. मीही मान डोलावली.

स्टेपनी लावून उद्यमनगर गाठलं. दसऱ्याला ज्या गावात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक बाहेर पडते, तिथं जुन्या गाडीला कुणी हसत नाही. मिस्त्रींनी टायर उचकटला, आतून हात फिरवला.

"पाव्हणं, खिळा न्हाई, काच न्हाई. मग पंक्चर कुठनं आलं?"

टायर उपडा केला तर आतून काळी भुकटी पडली. ट्यूबवर टायरच्या आतल्या बारीक रेघा उठल्या होत्या, चटईवर झोपलेल्याच्या गालासारख्या. पाण्यात बुडवल्यावर एका जागी बुडबुडे. नेमकं त्याच जागी टायरमध्ये कंपनीचं कागदी स्टिकर, अर्धं सुटून सुरळी झालेलं.

"ह्यो कागद काढायचा कट्टाळा केलाय बगा."

ट्यूबलेस टायरचं आतलं अंग हवा धरायला असतं, ट्यूब खेळवायला नव्हे. त्यात हे टायर रेडियल, म्हणजे लवचीक बाजूंचे; ती बाजू प्रत्येक फेरीला दबते, ट्यूब आत घासत राहते आणि तापते. खिळा घुसला तर ट्यूबलेसची हवा बऱ्याचदा हळू जाते, माणूस दुकानापर्यंत पोचतो. ट्यूब फुटली की हवा व्हॉल्व्हच्या भोकाकडून सरळ बाहेर.

मिस्त्रींनी स्टिकर खरवडलं, आतून कापड फिरवलं, टाल्कम पावडर मारली, रेडियलची ट्यूब घातली. थोडी हवा भरली, सोडली, परत भरली. ट्यूबच्या घड्या मोडाव्यात, मध्ये हवा अडकू नये म्हणून.

"पुण्याला गेल्यावर रिमा बदला. तंवर दामटू नगा."

मला हेच पटलं. तारांच्या चाकांना बहुतेक वेळा ट्यूबशिवाय गत्यंतर नसतं, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. माझ्या रिमा पत्र्याच्या; तिथं ट्यूब म्हणजे गंजावर पांघरूण.

मग शंका आली. बाकीची तीन चाकंही त्याच टायरवाल्यानं भरली होती. तिन्ही उघडली. दोघांत स्टिकर होतंच, एकाचा कोपरा सुटायला लागला होता.

एवढं होईस्तोवर साडेतीन वाजले. खानावळीत तांबडा मिळाला, पांढरा संपला होता.