अक्रोडाच्या खोक्यावरचा शब्द

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी बिलं करते. बारा वर्षं झाली. दिवाळीच्या तोंडावर सुक्या मेव्याची आवक वाढली की दिवसभर अक्रोड, बदाम, अक्रोड, बदाम. चिलीहून आलेल्या खोक्यांवर 'वॉलनट' छापलेलं असतं. परवा जेवणाच्या सुट्टीत सहज त्या शब्दाचं मूळ शोधायला घेतलं आणि घरी आल्यावर रात्री एकपर्यंत वाचत बसले.

त्यातल्या 'वॉल'चा भिंतीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'वेअल्ह' म्हणजे परका. परमुलखातून आलेलं फळ, म्हणून वॉलनट. तोच शब्द वेल्सच्या नावात आहे आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या शेपटालाही आहे.

पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन ही जर्मानिक माणसं, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, केल्टिक भाषा बोलणाऱ्यांना त्यांनी नाव दिलं 'वेअल्ह'. मागून आलेल्यांनी आधीच्यांना परकं ठरवलं! पुढे त्याच शब्दाला 'गुलाम' असाही अर्थ चिकटला. हे वाचून माझ्या पोटात कालवलं.

कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन नावाचं गाव आहे. तिथल्या मठातल्या, बायबलमधल्या शुभवर्तमानांच्या एका हस्तलिखितात, मोकळ्या राहिलेल्या जागांत, दहाव्या-अकराव्या शतकातल्या नोंदी आहेत: कोणी कोणत्या गुलामाला मुक्त केलं, साक्षीला कोण होतं. काही नोंदी लॅटिनमध्ये, काही जुन्या इंग्रजीत. सुटणाऱ्यांची नावं बहुतेक कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या मूळ केल्टिक भाषेतली; सोडणाऱ्यांची बहुतेक इंग्रजी. मी रोज नावं आणि आकडे लिहिते, म्हणून असेल, पण समासात दाटीवाटीने बसवलेली ती नावं डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या काळच्या कॉर्निशचा फार थोडा लिखित ऐवज उरलाय, त्यात ही गुलामांची नावं आहेत.

कॉर्निश माणसं आपल्या मुलखाला केर्नो म्हणतात. आणि इंग्रजाला? 'सौज', म्हणजे सॅक्सन. आलेल्याला त्यांनी त्याच्याच जमातीच्या नावाने ओळखलं.

आपल्याकडेही एक जर्मानिक जमात शब्दात लपून बसली आहे, हे मला त्याच रात्री कळलं. फ्रँक लोकांच्या नावावरून अरबांनी सगळ्याच युरोपियनांना एक नाव दिलं, ते फारसीतून आपल्याकडे आलं 'फिरंगी' होऊन. ठाणे, साष्टी, वसई पोर्तुगीजांकडे होती तेव्हा मराठे त्या मुलखाला फिरंगाण म्हणत. १७३७ मध्ये ठाणं घेतलं ते फिरंग्यांकडून. पोर्तुगीजांना फ्रँकांचं नाव लागलं, आणि आमच्या खाडीकाठाला पोर्तुगीजांचं.

मी घणसोली गावठाणातली, आगरी. आमच्याभोवती सेक्टर उभे राहिले, आणि 'तुम्ही गाववाले का?' हा प्रश्न मला माझ्याच गावात ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, तरी लागतं. आजी गाडीला 'गारी' म्हणायची, डोळ्याला 'डोला'. शाळेत ते बोलल्यावर मुली हसल्या, तेव्हापासून मी घराबाहेर तसं बोलणं सोडलं. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

सुमारे ११०० सालची एक लॅटिन-कॉर्निश शब्दयादी आहे. तिचा साचा एल्फ्रिक या इंग्रज मठवाशाच्या यादीचा. त्याच्या लॅटिन शब्दांपुढे इंग्रजीच्या जागी कुणीतरी कॉर्निश शब्द बसवले. देव, माणसं, पक्षी, मासे, झाडं, घरातल्या वस्तू, असे विषयवार. जुन्या कॉर्निशचा सर्वांत मोठा साठा तोच.

मीही गाळ्यावरची एक कोरी वही घरी आणली आहे. एल्फ्रिकने देवापासून सुरुवात केली, मी माशांपासून केली: निवटी, चिंबोरी, बोय. जाळ्यांची नावं मला येत नाहीत. रविवारी आत्याकडे जाणार आहे, तिला सगळी येतात.