गांजाच्या दुकानाचा ताळेबंद

हिशेबतपासणीच्या पेशामुळे असेल, पण अमेरिकेतील गांजाबंदीविषयी वाचताना माझे लक्ष पोलिसी कारवाईपेक्षा ताळेबंदाकडे आधी जाते. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून परवानाधारक दुकानांतून प्रौढांना गांजा उघडपणे विकला जातो आणि राज्य सरकार त्यावर करही घेते. मात्र १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीत, सर्वांत कडक अशा पहिल्या यादीत बसवले. कोकेन दुसऱ्या यादीत आहे, हे जाता जाता सांगायला हवे.

या बंदीचा खरा जाच करसंहितेच्या २८०-ई या कलमात आहे. मिनियापोलिसमधील एका अमली पदार्थ विक्रेत्याने वजनकाटा, फोन, गाडी आणि घरभाड्याचा काही हिस्सा धंद्याचा खर्च म्हणून दाखवला, आणि १९८१ मध्ये कर न्यायालयाने तो बऱ्याच अंशी मान्यही केला. त्यावर चिडून संसदेने पुढच्याच वर्षी ही वजावट बंद केली. नेम चोरट्या विक्रेत्यावर होता. तो विवरणपत्र भरतो कशाला? सापडला तो परवाना घेऊन बसलेला दुकानदार. समजा, त्याची विक्री १०० डॉलरची, मालाची किंमत ५० आणि भाडे-पगार ४०. हाती १० उरतात, पण भाडे-पगाराची वजावट नसल्याने कंपनीला २१ टक्के कर ५० डॉलरवर, म्हणजे साडेदहा डॉलर भरावा लागतो. नफ्यातले दुकान कर भरून तोट्यात जाते! त्यात बहुतेक मोठ्या बँका केंद्रीय कायद्याच्या धास्तीने खाते उघडत नाहीत, त्यामुळे व्यवहार मुख्यतः रोखीत चालतो.

संशोधकांची अडचण निराळी आहे. १९६८ पासून पाच दशकांहून अधिक काळ संशोधनासाठीचा अधिकृत गांजा केवळ मिसिसिपी विद्यापीठाच्या मळ्यातून मिळे, आणि तो दुकानात विकल्या जाणाऱ्या तेज मालापेक्षा बराच सौम्य असे. इतरांना लागवडीचे परवाने मिळू लागले ते २०२१ मध्ये. लोक प्रत्यक्ष घेतात तो माल तपासावा, तर तो विद्यापीठाच्या आवारात आणण्याची सोय नाही. म्हणून बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी एका व्हॅनचीच प्रयोगशाळा केली. ती सहभागी माणसाच्या दारात उभी राहते; तो आपल्या घरात, आपल्या पैशाने घेतलेला गांजा ओढतो आणि खाली येऊन व्हॅनमध्ये रक्ताचा नमुना देतो.