माझा अनुभव: सोलापूर एक्स्चेंज, चार ई-वन आणि चिकटपट्टीचं एक कडं

"या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने डायल करा."

२००४ साली सोलापुरात मोबाइलवरून लँडलाइन लावणाऱ्याला हे वाक्य पाठ झालेलं होतं. मी तेव्हा एका मोबाइल कंपनीत ट्रान्समिशन इंजिनिअर होतो, त्यामुळे लोक मलाच धरायचे. त्यात साखर पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान असलेले माझे काका सगळ्यांच्या पुढं. "तुझ्या कंपनीचा मोबाइल घेतला तो काय पूजेला ठेवू का बे? दुकानात फोन लागत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि कारण सांगितलं असतं तर ते आणखी चिडले असते. आमचं मुख्य एक्स्चेंज, म्हणजे एमएससी, पुण्यात. सोलापूरच्या नवी पेठेत उभं राहून साखर पेठेतला लँडलाइन लावला, तर आवाज आमच्या फायबरवरून अडीचशे किलोमीटर पुण्याला जायचा, तिथं लँडलाइनवाल्यांच्या ट्रंक एक्स्चेंजच्या, म्हणजे गावोगावच्या एक्स्चेंजना जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या, हवाली व्हायचा आणि त्यांच्या लाइनीवरून पुन्हा अडीचशे किलोमीटर सोलापूरला यायचा. एवढा प्रवास कानाला कळत नाही, मिलिसेकंदांचा मामला. अडचण होती ती पुण्यातल्या दाराची. आसपासच्या जिल्ह्यांचे कॉलही त्याच दारातून आत शिरायचे. २००३ च्या मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालं होतं, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला होता, आणि दार तेवढंच राहिलं होतं.

यावर उपाय एकच, सोलापुरात स्वतःचं दार उघडायचं. धंद्यात त्याला पीओआय म्हणतात, दोन कंपन्यांची जाळी जिथं एकमेकांना भेटतात ती जागा. ०२१७ च्या, आणि पंढरपूर-बार्शीकडच्या नंबरांचे कॉल इथल्या ट्रंक एक्स्चेंजलाच द्यायचे. आवाज पुण्याला जाऊन यायचाच, पण दोन्ही वेळा आमच्याच फायबरवरून, आणि पुण्यातलं ते गर्दीचं दार टळायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं.

किती लाइनी मागायच्या हा पहिला प्रश्न. ई-वन म्हणजे अनेक बोलणी एकत्र नेणारा एक डिजिटल जोड. त्यावर ३२ खाचा असतात. एक वेळ जुळवायला, एक साधारणपणे सिग्नलिंगला, म्हणजे 'कॉल आला', 'उचलला', 'ठेवला' असे निरोप द्यायला, उरल्या ३० बोलण्याला. नव्या माणसाला वाटतं, ३० लाइनी म्हणजे ३० बोलणी. तसं नसतं. गर्दीच्या तासाला दोनशेत एखादाच कॉल अडावा, म्हणजे ट्राय या दूरसंचार नियामकाचा अर्धा टक्क्याचा निकष पाळायचा, तर ३० लाइनींवर सरासरी १९ च बोलणी धरता येतात. ६० केल्या तर मात्र जवळजवळ ४५. दुप्पट लाइनींत दुपटीहून जास्त माल बसतो. मला हे गणित आजही आवडतं. आम्ही मोबाइलकडून लँडलाइनकडे जाणारे चार ई-वन मागितले, म्हणजे १२० लाइनी. उलट दिशेचे वेगळे होते. त्यांनी काही त्रास दिला नाही, म्हणून त्यांची गोष्ट सोडतो.

कागदांचं लांबण लावत नाही. अर्ज, फिजिबिलिटी, डिमांड नोट, पैसे. आमच्या हेड ऑफिसनं डीडी मुंबईत वटेल असा पाठवला, पाहिजे होता सोलापूरचा. त्यात दहा दिवस गेले.

एप्रिलच्या शेवटी एकदाचा स्विच रूममध्ये पाय ठेवला. चपला बाहेर, कारण आत धूळ चालत नाही. बाहेर ऊन चाळिशीच्या पुढं आणि आत एसीनं पायाला थंड लागणारी फरशी. दुपारी जेवून परत आत शिरण्यात काय सुख होतं, ते सोलापूरचा उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. एका कोपऱ्यात आमच्या मल्टिप्लेक्सरचा, म्हणजे बरेच ई-वन एका फायबरवर चढवणाऱ्या यंत्राचा रॅक, समोर त्यांचा डीडीएफ, म्हणजे जिथं दोन्हीकडच्या तारा एकमेकींना भेटतात ती फ्रेम. तिथल्या जेटीओ, म्हणजे ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, मॅडम कमी बोलणाऱ्या, पण प्रत्येक गोष्ट रजिस्टरात लिहिणाऱ्या.

डीडीएफपासून आमच्या रॅकपर्यंत केबल मी ओढली. प्रत्येक ई-वनला दोन को-ॲक्स तारा, एक जाणारी, एक येणारी, दोन्ही एकत्र बांधलेल्या. छापील लेबलं संपली होती म्हणून टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्या जोडीला एक कडं, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. केबल फरशीखालून ओढून वर काढली तेव्हा एक, दोन, तीन आणि तीन! एक कडं खाली कुठंतरी घसरून राहिलं होतं. संध्याकाळ झालेली, मदतीचा पोरगा घरी जायला निघालेला. मी दोन्ही जोड्या हातात धरल्या, वजन केल्यासारख्या वरखाली केल्या आणि जिच्यावर चिकटपट्टीचा चिकट डाग थोडा लांबवर दिसला तिला चौथी ठरवून जोडून टाकली.

मग चाचणी. डीडीएफवर लूप द्यायचा, म्हणजे जाणारं टोक येणाऱ्याला जोडायचं, आणि एरर मोजायचं मीटर रात्रभर लावून ठेवायचं. सकाळी चारीवर शून्य एरर. लूप मी डीडीएफवरच दिला होता, पुढं आमच्या रॅकपर्यंत नेलाच नव्हता, म्हणजे मी ओढलेली केबल तपासलीच गेली नव्हती. त्यानंतर सिग्नलिंग. दोन्ही एक्स्चेंजचे पॉइंट कोड, म्हणजे त्यांचे ओळख क्रमांक, एकमेकांत भरले, पहिल्या आणि दुसऱ्या ई-वनवरच्या सिग्नलिंग लिंक जुळल्या. टेस्ट कॉल केले, खणखणीत आवाज. मॅडमनी रजिस्टरात लिहिलं, मी सही केली आणि मार्ग खुला झाला.

दिवसभर सगळं छान. संध्याकाळी सातनंतर काकांचा फोन, "दुकानातला फोन सारखा वाजतोय, उचलला की कुणी बोलतच नाही. तुझ्या काकूला वाटतंय मलाच कुणीतरी फोन करतंय." मीही लावून पाहिला. माझ्या कानात रिंगसुद्धा नाही, नुसती शांतता. काका म्हणाले, वाजला होता, उचलला होता, तू काय मौन धरलं होतंस का?

सकाळी पुन्हा सगळं ठीक. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, आणि त्यात नवी तक्रार. एका गिऱ्हाइकानं आपल्या घरी फोन लावला तर पलीकडून कुणीतरी सुताचे भाव विचारायला लागलं.

मी पुण्याला सांगून टाकलं, "समोरच्यांचा दोष आहे." मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडून सगळं ओके आहे." दोन कंपन्यांच्या मधल्या दारात हे एवढं एकच संभाषण बारा महिने चालतं. पुण्याच्या मित्रानं मात्र कॉल रेकॉर्ड काढले. पहिल्या दोन ई-वनवरचे कॉल मिनिट-दोन मिनिटांचे. तिसऱ्या-चौथ्यावरचे बहुतेक सात-आठ सेकंदांत तुटलेले. हॅलो, हॅलो, आणि बंद. मार्ग पहिल्या लाइनीपासून भरत जायचा, म्हणून गर्दी वाढेपर्यंत तिसऱ्याची पाळीच यायची नाही. टेस्ट कॉलही सगळे पहिल्यावरूनच गेले होते.

त्यातली खरी गंमत, गंमत म्हणावी का माहीत नाही, ती अशी. सिग्नलिंग वेगळ्या वाटेनं जातं. 'उचलला' हा निरोप व्यवस्थित पोचत होता, त्यामुळे शांततेचेही पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून कापले जात होते. वर आमची कंपनी समोरच्यांना मिनिटाला ३० पैसे टर्मिनेशन, म्हणजे कॉल पोचवून देण्याचे पैसे, देत होती ते निराळंच. तो दर २००९ मध्ये २० पैसे झाला आणि २०१५ मध्ये लँडलाइनच्या कॉलपुरता शून्य, पण त्या आठवड्यात आम्ही गप्प बसण्याचेही पैसे मोजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेस्ट डेस्कपाशी उभा राहिलो. डेस्कवर दोन फोन, एक काळा, एक पांढरा. पुण्याला सांगून ६५ नंबरची लाइन, म्हणजे तिसऱ्या ई-वनची पहिली (नंबर देताना प्रत्येक ई-वनच्या ३२ही खाचा मोजतात), तेवढीच चालू ठेवली आणि काळा फोन लावला. कानात काही नाही, पण समोर काळा फोन वाजला. मॅडमनी उचलला, "हॅलो." चार हातांवरून तो आवाज मला एका कानानं ऐकू आला, मोबाइल लावलेल्या कानात काही नाही. मग ९७ नंबरची लाइन, म्हणजे चौथ्याची पहिली, चालू करायला सांगितली. मदतीच्या पोरानं दुसऱ्या मोबाइलवरून पांढरा फोन लावला. मॅडमनी दुसऱ्या हातात पांढरा उचलला, काळा कानापासून लांब धरला आणि पांढऱ्यात म्हणाल्या, "हॅलो, ऐकू येतंय का?"

ते माझ्या मोबाइलमध्ये ऐकू आलं. काळ्या नंबरला लावलेल्या मोबाइलमध्ये! पोरगा आपला मोबाइल हलवून बघत म्हणाला, "सर, माझ्याकडं काहीच नाही."

निरोप तिसऱ्याचा, आवाज चौथ्यावर. मला ते कडं आठवलं. फरशीची लादी उचलली, तर केबलच्या वळणावर काळ्या चिकटपट्टीचं वेटोळं पडलेलं होतं. मी ते उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे दोष आमचा नव्हता."

"नाही मॅडम. माझा होता."

जोड्या बदलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. या वेळी लूप आमच्या रॅकपर्यंत नेला, चारी ई-वन एकेक करून पाहिले आणि मग पुण्याला बसवून १२० लाइनींवर एकेक कॉल केला. दुपार त्यातच गेली. मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "मोबाइल बाजूने दुरुस्त, एवढंच लिहू की कारणही?"

"कारणही लिहा."

'ई-वन ३ व ४, केबल अदलाबदल' असं लिहून त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी सही केली. मग ६५ सोडून बाकी लाइनी पाच मिनिटं बंद ठेवायला सांगितल्या आणि दुकानाचा नंबर लावला. कानात रिंग वाजायला लागली. चौथ्या रिंगला काकांनी उचलला.

"हॅलो, कोण?"

"काका, मी बोलतोय. आवाज येतोय का?"

"येतोय की. पटकन बोल बे, दुकानात गिऱ्हाईक आहे."