टेलर, एलिझाबेथ, १९१२

ग्रंथालयात पुस्तकं फक्त येतात असं वाचकांना वाटतं. ती जातातही. दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांची यादी संगणक काढतो, समितीच्या सह्या होतात, आम्ही दाखल नोंदवहीत लाल शाईने ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं, असं लिहितो आणि गठ्ठे बांधतो. पुस्तक उघडून बघायला कुणाला वेळ नसतो.

यंदाच्या यादीत सिनेमाच्या कपाटातलं, म्हणजे दशांश वर्गीकरणाच्या ७९१.४३ या विषयक्रमांकातलं एक पुस्तक होतं : एलिझाबेथ टेलर, ‘मिसेस पालफ्री अॅट द क्लेअरमाँट’. नाव हॉलिवूडच्या एलिझाबेथ टेलर या नटीच्या आत्मचरित्राचं वाटेना, म्हणून उघडलं. लंडनच्या एका हॉटेलात राहायला आलेली विधवा म्हातारी. ही तर कादंबरी, १९७१ची, बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचलेली! तिची जागा ८२३.९१४, दोन कपाटं पलीकडे. सिनेमाचं वाचणाऱ्याला ती नको होती आणि कादंबरी वाचणाऱ्याला ती दिसतच नव्हती.

जुनं तालिकापत्र, म्हणजे पुस्तकाची माहिती लिहिलेलं कार्ड, शोधलं. आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी नावापुढे सुवाच्य अक्षरात १९१२ लिहिलेलं होतं. संगणकीकरणाच्या वेळी बाहेरच्या मुलांनी पत्रं भराभर टंकली, जन्मवर्षाचा रकाना रिकामा सोडला आणि दोन्ही बाया एका नोंदीत गेल्या. नोंदीमागे पैसे ठरवून तालिकाकरण करून घेतलं की हेच होणार. हे काम विचार करण्याचं आहे, टंकण्याचं नाही.

नावापुढे ‘लेखिका’ लिहूनही भागलं नसतं, कारण नटीचीही पुस्तकं आहेत. पाळलेल्या चिपमंकवरचं (खारीसारखा छोटा प्राणी) ‘निबल्स अँड मी’ १९४६ साली आलं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे स्वतःच्या दागिन्यांवरही तिने लिहिलं. म्हणून वर्षं हवीतच : एक १९१२–१९७५, दुसरी १९३२–२०११.

त्या रात्री मी कादंबरीकार बाईंबद्दल मिळेल ते वाचलं. माहेरची एलिझाबेथ कोल्स, गाव रेडिंग. लग्नाआधी तिने ग्रंथालयातही काम केलं होतं. टेलर हे आडनाव १९३६ साली लग्नाने आलं. दुसरी एलिझाबेथ तेव्हा चार वर्षांची. लेखिकेची पहिली कादंबरी १९४५ साली निघाली आणि नेमकी तेव्हाच ती मुलगी ‘नॅशनल व्हेल्वेट’ या सिनेमामुळे घराघरांत पोचली होती. पुढे बिकिनीतला फोटो मागणारी पत्रं या संसारी बाईच्या पत्त्यावर यायची. तिने नाव बदललं नाही. बारा कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची तिच्या मृत्यूनंतर, १९७६ साली आली.

नोंदी वेगळ्या केल्या, पाठीवरची चिठ्ठी बदलली, पुस्तक समोरच्या मांडणीत ठेवलं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं.

“अहो, या बाईंचं आणखी काही आहे का?”

मी दाखल नोंदवही उघडली. ‘एंजल’ होतं. ‘मिसेस पालफ्री’सोबतच देणगीत आलेलं, त्याच सिनेमाच्या कपाटात ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी निर्लेखित. लाल शाईतली आद्याक्षरं माझी आहेत.

त्यांना “नाही” एवढंच सांगितलं, कारण सांगायला जमलं नाही. ‘एंजल’ मागणी वहीत मीच लिहिलं.

यंदाचे गठ्ठे अजून रद्दीत गेलेले नाहीत, मी थांबवून ठेवलेत. आमच्याकडे ‘कुलकर्णी, व.’ या एकाच नोंदीखाली एकतीस पुस्तकं आहेत. सोमवारपासून ती एकेक उघडून बघणार आहे.